लायनीला लागलेला शब्द

(गेवराई येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आज मी एका शब्दावर बोलणार आहे. तो शब्द इंग्रजी आहे, आणि तो तुम्ही सगळे रोज वापरता. 'लाईन'. मराठीच्या व्यासपीठावर इंग्रजी शब्दाचं काय काम, असं काहींच्या मनात आलं असेल. हा आक्षेप मी हलका मानत नाही. त्याचं उत्तर पुढे देणारच आहे.

आधी तुम्हीच आठवून पाहा. आज सकाळपासून हा शब्द कितीदा तुमच्या तोंडात आला? मोटर सुरू करायला निघालेल्यानं शेजाऱ्याला विचारलं असेल, "लाईन आली का?" बँकेत गेलेल्याला शिपायानं सांगितलं असेल, "लायनीत या." पाहुण्यानं विचारलं असेल, "पोरीनं दहावीनंतर कोणती लाईन घेतली?" एखाद्या आईनं सुटकेचा श्वास टाकून सांगितलं असेल, "धाकटा लायनीला लागला एकदाचा." कुणाची पाइपलाईन फुटली असेल, कुणाचा फोन लागला नसेल, कुणी ऑनलाईन करायला दुकानात गेलं असेल. वीज, पाणी, शिक्षण, नोकरी, बँक, सरकार. या तालुक्यातल्या माणसाच्या आयुष्यातली जवळपास सगळी अडचणीची ठिकाणं या एका शब्दात येऊन बसली आहेत. म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो.

हा शब्द मुळात आला कुठून? इंग्रजांनी तो लॅटिनमधून घेतला, काही फ्रेंचच्या वाटेनं. लॅटिनमध्ये 'लिनेआ' म्हणजे धागा, आणि तोही एका विशिष्ट वनस्पतीचा. त्या वनस्पतीचं लॅटिन नाव 'लिनुम'. तिला आपण काय म्हणतो? जवस. होय, ज्या जवसाची चटणी तुमच्या घरात भाकरीबरोबर असते, तेच जवस. युरोपात त्याच्या देठापासून तंतू काढून कापड विणत, त्या कापडाला आजही लिनन म्हणतात. कपड्याला आतून लावतात ते लायनिंगही त्यातूनच आलं. असा ताणून धरलेला जवसाचा धागा म्हणजे लाईन. धागा ताणला की सरळ रेघ मिळते, रेघेवर भिंत उभी राहते, भिंतीवरून गावाची रचना ठरते, आणि मग व्यवस्था, शिस्त, मार्ग असे सगळे अर्थ एकेक करून त्या धाग्याला जोडले जातात.

आता आपल्याकडे वळा. आपल्या भाषेनं हाच प्रवास केला आहे, फक्त धागा कापसाचा. सूत. सुतापासून सूत्र. गवंडी म्हणतो, "भिंत सुतात आहे." वाकडं वागणाऱ्याला आपण सुतासारखा सरळ करतो. सूत धरणारा तो सूत्रधार, आणि सुतार हा शब्दही त्याच कुळातला. याच बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईला, दासोपंतांनी कापडाच्या लांबलचक पासोडीवर आपलं 'पंचीकरण' लिहिलं. सुतावर लिहिलेल्या ओळी आजही आहेत. जगाच्या दोन टोकांना माणसांनी एकच विचार केला: सरळपणा मोजायचा तर धागा ताणून पाहावा. एकीकडे जवस, एकीकडे कापूस. आणि आपल्या तालुक्यात ही दोन्ही पिकं आहेत.

गवंड्याच्या पिशवीत थापी असते, ओळंबा असतो, गुण्या असतो, आणि एक गुंडाळलेली दोरी असते. तिला तो काय म्हणतो? 'लाईनदोरी'. लाईन म्हणजे दोरी, आणि दोरी म्हणजे दोरी. दोन भाषांमधला एकच अर्थ त्यानं शेजारी ठेवला. शिकलेला माणूस म्हणेल, ही द्विरुक्ती झाली. मला ती तशी वाटत नाही. त्याला साधी दोरी सांगायची नव्हती, बांधायची नव्हती, विहिरीत सोडायची नव्हती. ओळ धरण्यासाठी जी दोरी वापरतात ती त्याला हवी होती. दोन शब्द जोडून त्यानं नेमका तिसरा अर्थ घडवला.

आता थोडं व्याकरण. घाबरू नका, हे व्याकरण पुस्तकातलं नाही, तुमच्या तोंडातलं आहे.

आपण म्हणतो 'ती लाईन'. इंग्रजीत या शब्दाला लिंगच नाही. मग मराठीत तो स्त्रीलिंगी कसा झाला? कुणी समिती बसवली होती का? ठराव झाला होता का? नाही. पण ओळ ती, रांग ती, रेघ ती, रेषा ती, दोरी ती, तार ती. ज्या अर्थाच्या मंडळीत हा शब्द येऊन बसला त्या सगळ्या स्त्रीलिंगी होत्या, म्हणून तोही स्त्रीलिंगी झाला. हे प्रत्येक मराठी माणसानं मनातल्या मनात ठरवलं आणि सगळ्यांनी एकच ठरवलं.

आणखी पुढचं पाहा. मराठीत प्रत्यय लावताना शब्द बदलतो. 'रांग'चं 'रांगेत' होतं, 'ओळ'चं 'ओळीत' होतं. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त, पण वळण वेगळं. मग लाईनचं काय करायचं? लायनेत की लायनीत? तुम्ही सगळे म्हणता 'लायनीत'. अनेकवचन 'लायनी'. म्हणजे तुम्ही तिला 'ओळ' आणि 'भिंत' यांच्या गटात टाकलं, 'रांग' आणि 'वीट' यांच्या गटात नाही. हे कुणी शिकवलं? कोणत्याच पाठ्यपुस्तकात हा धडा नाही.

आणि इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. शहरातला शिकलेला माणूस म्हणतो, "लाईनमध्ये उभे राहा." इंग्रजी शब्दाला तो धक्का लावत नाही, जसाच्या तसा ठेवतो आणि शेपटीला 'मध्ये' जोडतो. आपल्या वस्तीवरची म्हातारी म्हणते, "लायनीत हुबा ऱ्हाय." तिनं शब्दाचं रूप बदललं, त्याला मराठीचा साचा दिला. मग मराठी कुणाची पक्की? परका शब्द पचवायचं सामर्थ्य कुणाच्या भाषेत जास्त? लोक म्हणतात खेड्यातली भाषा अशुद्ध. मी म्हणतो, परक्या शब्दाला मराठी करण्याची ताकद आज सगळ्यात जास्त खेड्यातल्या, कमी शिकलेल्या माणसाच्या जिभेत आहे. पोरांना 'लायनीत' म्हटल्याबद्दल वर्गात टोकणाऱ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: टोकू नका. ते पोरगं चूक करत नाही, मराठीचा नियम पाळतंय.

आता विजेकडे येऊ, कारण गेवराईत लाईन म्हटलं की आधी वीजच.

"लाईन आली", "लाईन गेली". तार तर खांबावर वर्षानुवर्षं तिथेच आहे, ती कुठे येते-जाते? येतो तो प्रवाह. तारेचं नाव आपण प्रवाहाला दिलं. इंग्रज माणूस वीज आल्यावर 'लाईन आली' म्हणत नाही. हा अर्थ आपण घडवला. घरात सिंगल फेजवर बल्ब लागलेला असतो, तरी शेतकरी विचारतो, "मोटरीची लाईन कधी आहे?" कारण मोटरीला थ्री फेज लागतो, आणि तो पाळीनं मिळतो, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या भीतीनं पाऊल टाकत दारं धरायला जावं लागतं. कधी बिबट्याचीही भीती. "या आठवड्यात रातची लाईन आहे" हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना त्यातली झोपमोड, थंडी, घरच्यांची काळजी सगळं ऐकू येतं. शब्दकोशात 'लाईन म्हणजे ओळ, रेषा' एवढं लिहिलं तर यातलं काय उतरलं?

आणि लाईनमन. महावितरणनं त्याला 'जनमित्र' असं नाव दिलं आहे. नाव चांगलं आहे, भावना चांगली आहे. पण डीपी जळाल्यावर गावात कुणाला हाक जाते? "लाईनमनला फोन लाव." या माणसाच्या कामात हा शब्द जीव वाचवतो किंवा घेतो. खांबावर चढायच्या आधी तो उपकेंद्राकडून परमिट घेतो. तिकडून सांगितलं जातं, लाईन बंद केली. मग तो चढतो. तो खाली उतरल्याचं, सगळी माणसं बाजूला झाल्याचं कळवेपर्यंत लाईन चालू होता कामा नये. कुठल्या लाईनचं परमिट घेतलं आणि कुठल्या लाईनवर चढला, यात गफलत झाली तर माणूस परत येत नाही. दोन फिडरच्या तारा शेजारून गेलेल्या असतात. कुणी घरात जनरेटर लावून मेन स्वीच पाडलेला नसतो, आणि बंद समजलेल्या तारेत उलटा प्रवाह येतो. ४ मार्च हा दिवस देशभर लाईनमन दिवस म्हणून पाळला जातो. आपल्या गावातल्या लाईनमनला त्या दिवशी बोलवा, त्याच्याकडून त्याचे शब्द ऐका. भाषेचा अभ्यास करणाऱ्यानं ते ऐकायला हवेत, कारण शब्द नेमका असण्याची गरज त्याच्याइतकी कुणाला नाही.

सरकारी मराठीत लाईनला 'वाहिनी' म्हणतात. वीजवाहिनी, उच्चदाब वाहिनी, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. शब्द सुंदर आहे. मी त्याची टवाळी करणार नाही. पण तो फलकावर राहिला, तोंडात आला नाही. का बरं? मराठी शब्द लोकांना नको असतात म्हणून? मुळीच नाही. ठिबक पाहा. थेंब थेंब पाणी देण्याचं तंत्र बाहेरून आलं, पण त्याच्याबरोबर 'ठिबक' हा शब्द आला, आणि आज शेतकरी सहज म्हणतो, "दोन एकरवर ठिबक केलंय." शेततळं पाहा. तळं आपल्याला माहीत होतं, शेत माहीत होतं, दोन्ही जोडून नवा शब्द झाला आणि तो एका दमात महाराष्ट्रभर गेला. सातबारा तर कागदाच्या नमुन्यांचे क्रमांक, गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२, पण आज त्याच्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो. वस्तूबरोबर वेळेवर आलेला, कानाला ओळखीचा वाटणारा शब्द टिकतो. वाहिनी उशिरा आली. तोवर तार, खांब, लाईन आणि लाईनमन गावात येऊन स्थिरावले होते.

पाण्याची लाईन हा निराळाच विषय. १९७६ साली जायकवाडीचं उद्घाटन झालं. पैठणचा उजवा कालवा आपल्या तालुक्यातून माजलगावकडे जातो, वरच्या अंगाला गोदावरी आहे. नदीकडून, कालव्याकडून, विहिरीवरून लांबच्या रानात पाणी न्यायचं तर पाइप पुरावा लागतो. "औंदा लाईन केली" असं शेतकरी सांगतो तेव्हा त्यानं कर्ज काढलेलं असतं, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. आणि ही लाईन जाते दुसऱ्यांच्या रानातून. "त्यांनी आमची लाईन जाऊ दिली" हे वाक्य मी उपकाराच्या स्वरात ऐकलं आहे, आणि "लाईन अडवली" हे वाक्य भाऊबंदकीच्या स्वरात. दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी नेण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४९ मध्ये आहे, तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. पण कायद्याआधी शेजारधर्म असतो, आणि दोन घरांचं बोलणं आहे की नाही हे कित्येकदा त्या पुरलेल्या पाइपावरून कळतं.

याच रानात पिकाच्या ओळीला मात्र कुणी लाईन म्हणत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? तिथे सरी आहे, तास आहे, काकरी आहे. खुरपायला बसलेल्या बाया पात धरतात. "तुझी पात मागं राहिली" असं म्हणतात, "तुझी लाईन" नाही. जेवायला बसलो की पंगत. देवाच्या दारात बारी किंवा रांग. शनी अमावस्येला राक्षसभुवनला गर्दी होते तेव्हा दर्शनाची रांग लागते. पण बँकेत लाईन, रेशनच्या दुकानात लाईन, टँकर आला की घागरींची लाईन, जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची लाईन. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, आणि त्यानंतरच्या कितीतरी हंगामांत खरेदी केंद्रांवर बैलगाड्यांच्या लायनी लागल्या. गाडीखालीच भाकरी, गाडीखालीच झोप.

तर या शब्दानं कुणाचं घर बळकावलं? पात तशीच आहे, सरी आहे, पंगत आहे, बारी आहे. जिथे सरकार आणि बाजार भेटतात तिथे लाईन आली, आणि जिथे आपलं रान, आपलं जेवण, आपला देव आहे तिथे जुने शब्द टिकले. इंग्रजीला ज्या सगळ्यासाठी एकच शब्द पुरतो त्यासाठी आपल्याकडे दहा-बारा शब्द आहेत, आणि त्या दहा-बारांमध्ये आपण अकरावा-बारावा म्हणून हा घेतला, त्याची जागा ठरवून. एखादा शब्द आयुष्याच्या कुठल्या भागात शिरला आणि कुठल्या भागाच्या बाहेर थांबला, हे पाहिलं की समाजाचा नकाशाच हाती येतो.

आता सुरुवातीच्या आक्षेपाकडे येतो. परके शब्द घेतल्यानं मराठी बाटते का?

हा प्रश्न जुना आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राज्याला आपली भाषा हवी ही त्यामागची दृष्टी मोठी होती. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या पत्रांमधले फारसी शब्द मोजले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली, माधव जूलियनांनीही हा विषय धसाला लावला. त्यांच्यामुळे कितीतरी शब्द मिळाले जे आज आपण सहज वापरतो. दिनांक, महापौर. ते ऋण मी मानतो.

पण आपण मराठवाड्यातली माणसं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, कारभार उर्दूत, मुलांचं शिक्षण उर्दूत. आपल्या आजोबांवर एक भाषा लादली गेली होती. ती लादणूक गेली, आणि जायलाच हवी होती. पण शब्द राहिले. तालुका राहिला, तहसील राहिली, फिर्याद राहिली, मुकादम राहिला. मुकादम हा अरबीतून आलेला शब्द, आणि आज त्याच्याशिवाय या जिल्ह्यातल्या ऊसतोड्याचं वर्ष सुरू होत नाही. मुकादम अरबी, उचल मराठी, टोळी मराठी, आणि नवरा-बायकोच्या जोडीला म्हणतात कोयता. हत्याराचं नाव दोन जिवंत माणसांना! या चार शब्दांपैकी परका कोणता आणि कुठला शब्द माणसाला जास्त जखम करतो? मुकादम हा शब्द अरबी आहे याचं मला दुःख होत नाही. कोयता हा अगदी आपला शब्द माणसांची मोजणी करायला वापरला जातो, याचं होतं. शब्दाचं मूळ गाव शोधण्यापेक्षा तो कुणाकडून कुणाला उद्देशून वापरला जातो, ते विचारा.

याच कसोटीवर लाईनचे दोन अर्थ मी घासून पाहणार आहे. एक 'लाईन मारणे'. सिनेमातून, कॉलेजच्या कट्ट्यावरून हा वाक्प्रचार आला आणि हसत-खेळत रूढ झाला. पण स्टँडवर एसटीची वाट पाहत उभ्या असलेल्या मुलीला विचारा. रोज तीच दोन-चार पोरं, रोज तेच बघणं, तेच शेरे. तिला जे वाटतं त्याला छळ म्हणतात. 'लाईन मारतो' म्हटलं की त्या छळाची गंमत होते, आणि घरी तक्रार केली तर तिचंच शिक्षण बंद होतं. कित्येक मुलींनी या भीतीनं तोंड उघडलेलं नाही. सभागृहात तरुण मंडळी आहेत. तुम्हाला सांगतो, हा वाक्प्रचार सोडा. इंग्रजी आहे म्हणून नव्हे, कुणाचा तरी त्रास झाकतो म्हणून सोडा.

दुसरा 'ऑनलाईन'. हा गेल्या काही वर्षांतला, आणि मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. पीकविमा ऑनलाईन, अनुदान ऑनलाईन, रेशनची केवायसी ऑनलाईन. सोयी झाल्या आहेत, हे मान्य केलंच पाहिजे. सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे हिंडणं कमी झालं. लोकांनी या शब्दालाही मराठी वळण लावलं. "ऑनलाईन करून आण" म्हणजे अर्ज भरून आण. "ऑनलाईनवाल्याकडे जा" म्हणजे कोपऱ्यावरच्या सेवा केंद्रात जा. ऑनलाईनसाठी त्या दुकानासमोर पुन्हा लाईन लागते, ती वेगळीच.

पण एक वाक्य ऐका. "तुमचं नाव ऑनलाईनला दिसत नाही." या वाक्याचा कर्ता कोण? कुणाला दिसत नाही? कुणी टाकलं नाही? कुणी काढलं? वाक्यात माणूसच नाही. "लाईन गेली" म्हटलं की मला पुढचं पाऊल माहीत आहे: लाईनमन आहे, उपकेंद्र आहे, साहेब आहे, मोर्चा काढायला रस्ता आहे. "लाईन अडवली" म्हटलं की शेजारी आहे, तहसीलदार आहे. "ऑनलाईनला दिसत नाही" म्हटल्यावर विधवा बाईनं, म्हाताऱ्या शेतकऱ्यानं कुणाकडे बघायचं? पडद्याकडे? ज्या शब्दात मला जाब विचारता येतो तो शब्द माझा झाला, मग तो लंडनहून आलेला का असेना. ज्या शब्दात जाब विचारता येत नाही तो माझ्यावर टाकलेला शब्द, मग त्याला 'संगणकीकृत प्रणाली' म्हणा की आणखी काही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपल्या सगळ्यांना आनंद झाला. त्या दर्जाचा एक अर्थ मी असा घेतो की मराठी माणसाला त्याच्या अर्जाचं काय झालं हे त्याला कळेल अशा मराठीत, कर्त्यासह, सांगितलं गेलं पाहिजे. "अमुक कार्यालयानं, अमुक तारखेला, अमुक कारणासाठी तुमचं नाव वगळलं." इतकं वाक्य मागणं जास्त आहे का?

रेल्वेची लाईनही याच हिशेबात येते. अहिल्यानगर-बीड-परळी, २६१ किलोमीटर. १९९५ साली मंजूर झाली. "लाईन येणार" हे वाक्य ऐकत एक पिढी म्हातारी झाली. २०२२ च्या सप्टेंबरात गाडी आष्टीपर्यंत आली, आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, बीडला पोचली. लोकांनी तीस वर्षं त्या एका शब्दात जाब विचारला: लाईन कुठवर आली? गेवराईतून मात्र अजूनही बीड किंवा जालना गाठल्याशिवाय गाडी नाही.

आणि आता ज्या अर्थानं मी या विषयाकडे ओढलो गेलो, त्याकडे येतो. "पोरगं लायनीला लागलं."

इंग्रजीत या शब्दांचा असा उपयोग नाही. तिथे लायनीत येणं म्हणजे निमूट आज्ञा पाळणं. आपल्याकडे 'लायनीवर आणणं' हा तसा अर्थ आहे, पण 'लायनीला लागणं' वेगळं. जुन्या मराठीत म्हणतात, "संसार रांगेला लागला." "मार्गी लागला." शब्द इंग्रजी घेतला, पण बोलण्याची घडी आपलीच ठेवली. 'रांगेला लागणे' हा वाक्प्रचार तसाच राहिला, फक्त रांगेच्या जागी लाईन आली. ऊसतोड करणारी आई जेव्हा म्हणते की थोरला लायनीला लागला, तेव्हा तो काय झालेला असतो? कधी शिपाई, कधी शिक्षक, कधी पुण्याला कंपनीत. कधी फक्त इतकंच, की त्याच्या हातात कोयता नाही. त्या 'लायनीला' या चतुर्थीत एका कुटुंबाच्या दोन-तीन पिढ्यांची वणवण सामावलेली असते. शाळा 'शाखा' विचारते, घर 'लाईन' विचारतं. "सायन्स लाईन घेतली", "मेडिकल लाईन मिळाली नाही". घराला विषयांची नावं नको असतात, हा रस्ता पोराला कुठे नेणार ते हवं असतं. म्हणून दहावीच्या निकालानंतर लेकराला कुणी "कोणती लाईन?" असं विचारलं आणि ते गप्प राहिलं, तर त्याला दटावू नका. पुढचा प्रश्न विचारा, त्याच्याजवळ बसा. आपल्या भागात मुलांवर या एका शब्दाचा भार फार आहे, आणि तो काही वेळा त्यांना पेलवत नाही.

हे सारे अर्थ कुठे नोंदले गेलेत? १८३१ साली मोल्सवर्थनं मराठी-इंग्रजी कोश केला, १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. शास्त्र्यांना बरोबर घेऊन त्यानं बोलीतले, कोकणातले, देशावरचे शब्द टिपले. अरबी-फारसी शब्दही गाळले नाहीत, फक्त मूळ कुठलं त्याची खूण केली. नंतर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. पण दोन्ही कोश गेवराईच्या खांबावर थ्री फेज यायच्या आधीचे. 'रातची लाईन' त्यात असणं शक्यच नव्हतं. ते काम आपल्याला करावं लागेल.

महाविद्यालयातल्या मुला-मुलींनो, ते तुम्ही करा, आणि एका शब्दापासून सुरू करा. अर्थ लिहू नका, आधी वाक्य लिहा, जसं ऐकलं तसं, 'लैन' ऐकलं तर 'लैन'. खाली गाव लिहा, तारीख लिहा, बोलणाऱ्याचं काम लिहा: गवंडी, लाईनमन, मोटरीवरचा सालगडी, रेशनच्या लायनीतली बाई. नाव लिहायची गरज नाही. तो माणूस कुणाशी बोलत होता, ते मात्र जरूर लिहा. दिवाळीच्या आसपास आपली निम्मी वस्ती पश्चिमेकडे, काही कर्नाटकात, ऊस तोडायला जाते आणि पाडव्याच्या मागेपुढे परतते. तिकडच्या कारखान्यांवरचे, तिकडच्या बोलीतले शब्द त्यांच्याबरोबर येतात. ती माणसं आल्यावर पहिल्या आठवड्यातच त्यांच्याकडे जा. नंतर पेरणीची घाई सुरू होते आणि मग कुणाला बोलायला वेळ नसतो. मागच्या दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. जाताना ज्याला जे वाक्य आठवेल ते त्याने लिहून जावं, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं वाक्य शेजारच्याने उतरवून घ्यावं.